सायलीची सही

सांगवी,
९ जुलै २०२५

प्रति,
प्रोप्रायटर,
अण्णासाहेब मॅनपॉवर सर्व्हिसेस,
मोशी.

विषय : मी आपल्याकडे नोकरीला नाही, असे पत्र मिळण्याबाबत.

महोदय,

'महोदय' लिहिताना मला हसू आलं, पण कॉलेजच्या निवड समितीनं सांगितलंय की मालकाशी लेखी पत्रव्यवहार करा आणि पोच जोडा. आणि कागदोपत्री तू माझा मालक आहेस, दादा. माझा नंबर तू एप्रिलमध्येच ब्लॉक केलास, म्हणून हे रजिस्टर पोस्टानं. पोचपावतीवर तेवढी सही कर. दुसऱ्यांच्या सह्या घेण्यात तुझा हात धरणारा कुणी नाही, एकदा देऊनही बघ.

एमएस्सीला मला प्रवेश मिळाला. रसायनशास्त्र, जिथं बीएस्सी केलं त्याच कॉलेजात. तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. आमच्या विभागात दरवर्षी सहा अध्यापन सहायक घेतात. सहायकाला दोन्ही वर्षांची फी माफ आणि दरमहा विद्यावेतन. त्या बदल्यात आठवड्यातले आठ तास बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल सांभाळायची, त्यांच्या वह्या तपासायच्या. सहा जणांच्या यादीत माझं नाव तिसरं लागलं होतं. ते विद्यावेतन मिळालं तर मी सांगवीच्या या खोलीत राहून शिकू शकते. नाही मिळालं तर बॅग भरून मोशीला तुझ्या दारात. तुला काय हवंय ते मला ठाऊक आहे.

अट साधी आहे. सहायक पूर्णवेळ विद्यार्थी पाहिजे आणि त्यानं दुसरीकडे कुठेही नोकरी करता कामा नये. माझ्या पीएफच्या नोंदीत मात्र मी ऑगस्ट २०२२ पासून तुझ्या फर्मची कामगार आहे. आजही. नोकरी सोडल्याची तारीख कोरी. समितीच्या प्रमुख नीला मॅडम मला म्हणाल्या, आधी या नोकरीचा निकाल लाव, मग बघू. ३१ जुलैपर्यंत मुदत आहे. नंतर माझी जागा यादीतल्या पुढच्याला.

तुझ्याकडं कामगार म्हणून मी एक दिवस तरी पाय ठेवलाय का? तू माणसं पुरवतोस ती चाकणची गाड्यांच्या वायरी बांधणारी, वायर हार्नेसची कंपनी मी बाहेरून बघितलीय, तीही तुझ्या गाडीतून, जाता जाता. अठरा वर्षं पूर्ण होऊन मला आठवडा झाला होता. तू कागदांचा गठ्ठा घेऊन आलास आणि म्हणालास, सही कर, हजेरीपटावर माणसं कमी पडतायत. मी केली. भावानं कागद पुढं केला की आपल्याकडं पोरी वाचत नाहीत. त्याला आपल्याकडं संस्कार म्हणतात.

आणि हे विभागाच्या डोळ्यांपुढं आणलं कुणी, तेही मला कळतं. माझी पीएफची नोंद कुणीतरी नेऊन दाखवली त्याशिवाय का कुणाला कळणार होतं? मी घर सोडून गेले, आणि मला परत आणायला तुला एवढीच वाट दिसली. शाब्बास. अण्णा असते तर पाठ थोपटली असती त्यांनी तुझी.

पत्रात फक्त दोन ओळी हव्यात. सायली ही आमच्याकडं कामाला नव्हती आणि नाही. खाली शिक्का. एवढं कर, मग पुन्हा माझं तोंड बघू नकोस.

आपली (कागदोपत्री) कर्मचारी,
सायली

सांगवी,
१६ जुलै २०२५

दादा,

आता विषय-बिषय काही लिहीत नाही. तुझा सुपरवायझर कुलदीप काल येऊन गेला. पाकीट त्यानं अगदी अदबीनं दिलं, दोन्ही हातांनी. मी अधाशासारखं फोडलं. आत पत्र नव्हतं. हक्कसोडपत्र होतं.

चार पानं स्टॅम्पपेपर. आळंदी रस्त्याकडेच्या आपल्या अठ्ठावीस गुंठ्यांतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं, कुणाच्याही दडपणाशिवाय, माझ्या प्रिय बंधूंच्या लाभात सोडून देत आहे. प्रिय बंधू. प्रत्येक पानावर जिथं मी सही करायची तिथं पेन्सिलीनं छोटी फुली मारलीय. तीन वर्षांपूर्वीच्या कागदांवरही अशाच फुल्या होत्या, त्या तू मारल्या होत्यास. यावेळी वकिलानं मारल्यात, जरा सरळ आहेत.

कुलदीप उभ्यानंच निरोप सांगत होता. तो पाठ करून आलेला, त्यामुळं तुझाच आवाज ऐकू येत होता. "भाऊ म्हनले, ताईला सांग, तू तिकडं सही कर, मी हिकडं करतो. बिल्डर दसऱ्याच्या आत कागुद मागतोय. आन् बहिनीनं भावाशी व्यवहार करू न्हाई, यवढंच."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. आला तो नंतर, जिना उतरून त्याच्या मोटारसायकलचा आवाज गेल्यावर. त्या क्षणी मी फक्त म्हणाले, पाणी घेणार का. आपल्या घरात असंच शिकवलंय.

एप्रिलमध्ये याच कागदावरून मी घर सोडलं. तेव्हा तू आईसमोर म्हणालास की आत्यांनीसुद्धा सही केली होती, तोंडातून ब्र काढला नव्हता. केली ना. नीलफाट्यावरच्या दीड एकराला आत्याला एक पैठणी मिळाली, तीही काठ विरलेली. सही करताना ती हसत होती, फोटो आहे आपल्या अल्बममध्ये. मी त्या फोटोत आहे, सात-आठ वर्षांची, पेढ्याच्या ताटाकडं बघत. तेव्हा मला वाटलं होतं, आत्याचा वाढदिवस आहे.

तुला काय वाटतं, मला त्या जमिनीवर बंगला बांधायचाय? मला शिकायचंय. शिकण्यासाठी मी तुझ्याकडं काही मागत नाही, कारण मागितलं की तू काय बोलशील ते मी तोंडपाठ सांगू शकते. मला फक्त तू माझ्या नावावर टाकलेलं खोटं काढून घ्यायला हवंय. आणि तेही तू विकत देतोयस. जे माझं नाहीच ते माझ्या गळ्यात घालायचं आणि काढायची किंमत म्हणून जे माझं आहे ते मागायचं. हा धंदा तू कुठं शिकलास? चौकाचौकात 'भावी नगरसेवक' म्हणून तुझे हात जोडलेले फोटो लागलेत. सांगवीच्या पुलाजवळही एक आहे. रोज कॉलेजला जाताना तू मला नमस्कार करतोस.

मी सही करणार नाही. पंधरा दिवस आहेत. तू तोंड मिटून बसणार असशील तर मी दुसरीकडून पुरावा आणीन. हजेरीपटावर सायली आहे, पगार निघतोय, तर मग रोज पाळीला जातंय कोण? भूत तर पंच करत नसेल. उद्या-परवा चाकणला जाऊन बघते.

सायली

सांगवी,
२२ जुलै २०२५

दादा,

गेले होते.

तीनला पहिली पाळी सुटते, म्हणून अडीचलाच गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. गेटवरच्या वॉचमनला विचारलं, अण्णासाहेब मॅनपॉवरची सायली नावाची कामगार आहे का. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल आणि तेच मी त्याच्याकडून लिहून घेईन. तो म्हणाला, हाय की, थांबा, आता सुटल. बाया बाहेर पडायला लागल्या तसं त्यानं हाक मारली, "ए सायली, तुझ्याकडं पावनी आलीय."

आणि एक बाई वळली, दादा. माझ्या नावाला.

अडतीस-चाळीसची. निळा ॲप्रन घडी करून काखेत, हाताच्या बोटांना वायरींच्या टोकांनी पडलेल्या चिरा. गळ्यात पास. फोटो तिचा, खाली नाव माझं, जन्मतारीख माझी. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी पास पदराखाली झाकला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "ताई, पोलीसबिलीस नका करू. मला भाऊंनीच घेतलंय."

सुभद्राबाई तिचं नाव. अहमदपूरकडची. तुला हे सगळं माहीत आहे, पण तू कधी तिच्या तोंडून ऐकलं नसशील, म्हणून लिहिते. कंपनीला लाइनवर तिशीच्या आतल्या, बारावी पास मुली हव्या होत्या. हिचं वय जास्त, शाळा बघितलेलीच नाही. तुला संख्या भरायची होती आणि घरात एक ताजी, अठरा वर्षांची, बारावी पास बहीण होती. कागद बहिणीचे, हात सुभद्राबाईचे. किती छान बसवलंस. पीएफ तिच्या घामाचा आणि खातं माझं. उद्या तिच्या बोटाला यंत्र लागलं तर विमा सायलीचा, आणि सायली तर कॉलेजात. तिनं तक्रार केली नाही. तिला वाटतं तू उपकार केलेस.

मी तिला विचारलं, महिन्याला पगाराच्या कागदावर सही कोण करतं? ती म्हणाली, मीच. आणि टपरीवरच्या जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला तिनं करून दाखवली. सायली. माझीच सही, दादा, शेवटच्या वेलांटीला मी जी गाठ मारते तीसुद्धा. कुलदीपनं महिनाभर गिरवून घेतली म्हणे. मी विचारलं, स्वतःच्या नावाची येते का? तर हसली. म्हणाली, "तिचं कुटं काम पडलं मला?"

पीएमपीच्या बसनं परत आले आणि कागद पुढं ओढला. तुला शिव्या घालायचं ठरवून बसले होते, त्या आल्याच नाहीत. त्याचं कारण आहे आणि ते या पत्रात लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. लिहायचं नव्हतं. तू ते वापरशील, हेही ठाऊक आहे.

माझी नोंद विभागात तू दाखवली नाहीस. मीच दाखवली.

सहायकाच्या निवडीत दहा गुण अनुभवाला आहेत, कंपनीत किंवा प्रयोगशाळेत काम केल्याचे. फेब्रुवारीत मी तुझ्याकडं अनुभवाचा दाखला मागितला होता. आठवतंय ना? तू विचारलंसही नाहीस कशाला. कुलदीपला सांगितलंस आणि संध्याकाळी दाखला घरात. 'गुणवत्ता तपासणी विभागात अडीच वर्षे, काम समाधानकारक.' तू म्हणालास, पीएफ पन हाय तुझा, पक्का पुरावा, कुनी बोट ठेवणार न्हाई. मुलाखत झाल्यावर कार्यालयातल्या क्लार्कनं विचारलं, दाखला खरा आहे याला आधार काय? आणि मी ऐटीत मोबाइल काढला, पीएफची नोंद उघडली, त्यांच्या समोर धरली. बघा सर. तीन वर्षं, एक महिना खाडा नाही.

त्यांनी बघितलं. मग म्हणाले, ही नोकरी तर अजून चालू आहे.

मोशीतली कुणीही पोर हेच करेल. आपल्यात दाखला घरचा असतो, शिक्का घरचा असतो, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. सोय म्हणतात. मीही तेच म्हणत होते. पहिल्या पत्रात लिहिलं की भावानं कागद पुढं केला की पोरी वाचत नाहीत. मी वाचलं होतं, दादा. जॉइनिंग फॉर्म असं वर मोठ्या अक्षरांत होतं. त्या दिवाळीत तू मला स्कूटर घेऊन दिलीस, तीही कशाबद्दल ते कळत होतं. दर महिन्याला पीएफ जमा झाल्याचा मेसेज यायचा. मी तो पुसून टाकायचे.

म्हणजे ते दहा गुण सुभद्राबाईचे. आठ तास उभं राहून तिनं मिळवलेले. मी ते माझ्या नावापुढं लावून तिसरी आले.

यानं तू सुटत नाहीस. एवढं लक्षात ठेव.

सायली

सांगवी,
२९ जुलै २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. मागितलं तसं नाही, त्याहून हुशार. 'सायली यांनी ३० जून २०२५ रोजी स्वखुशीने राजीनामा दिला असून त्यांचा आमच्या संस्थेशी संबंध राहिलेला नाही.' शिक्का ठळक. पीएफच्या नोंदीतही तारीख भरून आलीय, मी बघितलं. हक्कसोडची अटही तू एकाएकी सोडलीस. मी चाकणला गेल्याचं कळलं आणि तुझी झोप उडाली, असं दिसतंय. निवडणूक तोंडावर आणि बहीण कंपनीच्या गेटवर चौकशी करत फिरतेय, म्हणजे फ्लेक्सवरच्या हात जोडण्याला अर्थ काय राहिला. कुलदीपनं तुझा निरोप सांगितला : "तुझं काम झालं. आता गप ऱ्हा."

आणि मी गप्प राहणार होते. हे तुला कबूल करताना लाज वाटते, पण खोटं लिहून आता कंटाळा आलाय. काल सकाळी मी ते पत्र फाइलमध्ये घातलं, केस विंचरले, समितीकडं निघाले. मनात म्हणत होते, दहा गुणांचं पुढं बघू. एकदा जागा मिळू दे. सुभद्राबाईसाठी नंतर काहीतरी करू. नंतर काहीतरी करणाऱ्या लोकांत आपलं घर पहिलं.

दार उघडलं तर जिन्यात ती बसलेली. पत्ता कुलदीपकडून काढला म्हणे, त्यालाही जरा काही वाटलं असेल. हातात पास, पण त्याचं कोपऱ्यातलं भोक फाटलेलं. गेटवर वॉचमन तो ओढून घ्यायला लागला, त्या ओढाताणीत फाटला. सकाळी सातच्या पाळीला गेली तर आत सोडलं नाही. मशीनवर लाल दिवा लागला. वॉचमन म्हणाला, तू काम सोडलंयस. ती तासभर त्याच्याशी वाद घालत होती.

माझ्यापुढं पास धरून ती म्हणाली, "ताई, मी कुटं सोडलं काम? तुम्ही सोडलं म्हणायलेत."

दादा, यावर काय बोलायचं ते तू मला सांग. तू बोलण्यात पटाईत आहेस, मंडपात उभा राहिलास की माइक सोडत नाहीस. मी तिला आत बोलावलं, चहा टाकला, दूध नासलं होतं तो कोराच दिला. ती माझ्या खोलीत सगळीकडं बघत होती. टेबलावरची पुस्तकं, भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता. मग म्हणाली, हे सगळं सायलीचं व्हय. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तीन वर्षं ती ज्या नावानं जगली त्या नावाचं घर बघायला मिळालं म्हणून तिला बरं वाटलं असावं. मला मात्र तिथं उभं राहवेना.

माझ्या नावाची एक तारीख भरलीस आणि तिची चूल ज्यावर पेटायची ते काम गेलं. तुला हे होणार ते माहीत होतं. पण खरं सांगू? मी ९ जुलैला पत्र मागितलं तेव्हा तेच मागत होते. तेव्हा मला ती दिसत नव्हती. २२ तारखेनंतर दिसत होती, आणि तरीही मी केस विंचरले.

परवा मुदत संपते.

सायली

सांगवी,
१० ऑगस्ट २०२५

दादा,

काल राखीपौर्णिमा होती. तू कुलदीपच्या हातून साडी पाठवलीस. साडीच्या घडीत हक्कसोडपत्र, पुन्हा त्याच चार फुल्या. साडी चांगली आहे, आत्याच्या पैठणीपेक्षा नक्कीच. चिठ्ठीत लिहिलंस, झालं गेलं विसरून जा. जे झालं ते तुला नीट कळलेलं नाही, म्हणून विसरण्याआधी एकदा सांगते.

३१ जुलैला सकाळी मी नीला मॅडमकडं गेले. तुझं राजीनाम्याचं पत्र फाइलमध्येच ठेवलं. त्यांना लिहून दिलं की अनुभवाचा दाखला खरा नाही, त्या कंपनीत मी एक दिवसही काम केलेलं नाही, दाखला माझ्या भावाच्या फर्मचा आहे आणि तो मी मागून घेतला होता. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मॅडम मला पहिल्या वर्षापासून शिकवतायत. म्हणाल्या, "तीन वर्षं आठ तासांची पाळी आणि माझ्या प्रॅक्टिकलला एकही खाडा नाही. हे गणित मला मुलाखतीतच जुळत नव्हतं. तू कधी येतेस, तेवढीच वाट बघत होते." मी विचारलं, मग तेव्हाच का नाही काढून टाकलंत. त्या म्हणाल्या, मुदत कशासाठी दिली होती?

दहा गुण गेले. तिसरी होते, नववी झाले. सहायक सहा. माझ्या जागेवर आता भोसरीच्या एका कामगाराचा मुलगा आला, दिग्विजय नावाचा. परवा त्यानं पहिल्या वर्षाच्या मुलांना ब्युरेट कशी धरायची ते शिकवलं. मी दारातून बघत होते. बरं शिकवतो. माझ्याइतकं नाही. तेवढं म्हणायचा मला हक्क आहे.

प्रवेश राहिला, कारण तो प्रवेश परीक्षेवर होता आणि परीक्षा मीच दिली होती. पण सहायकपद दोन्ही वर्षं नाही, खोटा दाखला देणारा पुन्हा पात्र ठरत नाही, असा नियम आहे. मॅडमनी तो मला वाचून दाखवला, आवाज न चढवता. खूप लागलं, दादा. तिथं रडले नाही. पुलावर तुझ्या फ्लेक्सखाली येऊन रडले, म्हणजे तू हात जोडून उभा होतास आणि मी खाली. लोकांना वाटलं असेल, मतदार आहे.

फीसाठी स्कूटर विकली. पिंपळे गुरवच्या एका क्लासमध्ये अकरावीला रसायनशास्त्र शिकवते, संध्याकाळी पाच ते आठ. म्हणजे आता खरोखरच नोकरी आहे. क्लासच्या फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. लिहून पुन्हा एकदा वाचून बघितलं, सवय नव्हती.

सुभद्राबाईबद्दल मी समितीला काही लिहिलं नाही. दाखला खोटा एवढंच लिहिलं, ते काम कुणी केलं हे नाही. ४ तारखेला तुला कुलदीपकरवी निरोप पाठवला होता की आठ दिवसांत तिला तिच्या स्वतःच्या नावावर कुठंतरी घे, नाहीतर उरलेलं मी पीएफच्या कचेरीत जाऊन लिहीन. ती धमकी होती. तुझ्याकडूनच शिकले. तू तिला निघोजेच्या पॅकिंग शेडमध्ये घेतलंस, तिथं वयाची अट नाही. पगार थोडा कमी, पण पासवर नाव तिचं. तू हे चांगुलपणानं केलं नाहीस आणि मी तुझे आभार मानत नाही. त्या तीन वर्षांचा पीएफ माझ्या खात्यात पडलाय. तो निघाला की तिचा तिच्या हातात देणार. मध्ये येऊ नकोस.

पहिल्या दिवशी तिथं काय झालं ते कुलदीपनं तुला सांगितलं असेल. जॉइनिंगच्या फॉर्मवर तिनं सराईतपणे सही ठोकली. सायली. गाठीसकट. फॉर्म फाडला, दुसरा आणला, तिथंही तेच. हात ऐकेना. शेवटी अंगठा घेतला. म्हणून ती आता रविवारी माझ्याकडं येते. आज आली होती. मूलद्रव्यांच्या तक्त्याखाली बसून दोन तास वहीत स्वतःचं नाव गिरवलं, जीभ दातांत धरून. शेवटच्या पानावर एकदाचं न बघता लिहिलं आणि वही माझ्यापुढं सरकवली. कुणाच्या वहीवर मी पहिल्यांदा 'तपासले' असा शेरा मारला, ती वही ही. विद्यावेतन नाही त्याला.

आता तुझ्या कागदाबद्दल. साडी परत पाठवतेय, घडी मोडलेली नाही. त्यातच हक्कसोडपत्र आहे, चारही पानं. फुल्या मी खोडरबरनं पुसल्यात.

सायलीची सही तुला तीन वर्षं दोन बायकांकडून मिळाली, एकीनं वाचून केली आणि एकीला वाचता येत नव्हतं म्हणून केली. सुभद्राबाईला आता स्वतःची येते. आणि सायलीची सही यापुढं फक्त सायली करेल. बिल्डरला तसं कळव.

सायली